माझ्याकडे पाहू नकोस: जपानी मिथकं आणि आजची गोष्ट

एका तरुण लेखकाने विचारलं आहे: "मराठीत आठ भागांची ऑडिओ मालिका लिहितोय, गोष्ट कोकणातली आहे. जपानी मिथकांतून काहीतरी घ्यायचंय. नऊ शेपट्यांची कोल्हीण, नदीतला काप्पा आणि लांब नाकाचा तेंगू असे तीन योकाई, म्हणजे जपानी लोककथांतले अद्भुत जीव, निवडलेत. ते आपल्या मातीत कसे बसवू? आणि ॲनिमेची नक्कल वाटू नये म्हणून काय करू?" सोबत पहिल्या भागाची पाच पानं आणि आठही भागांची रूपरेषा जोडली आहे.

पानं वाचली. भाषा चांगली आहे, भरतीच्या खाडीचं वर्णन तर मी दोनदा वाचलं. म्हणूनच जरा लांबण लावून लिहिते. जपानीतून मराठीत भाषांतर करायला लागून मला बावीस वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं इतरांच्या कथा-पटकथांवर काम करण्यातही गेली. जपानी भुताखेतांच्या ज्या संहिता माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकींची सुरुवात अशाच यादीने झालेली असते. आधी प्राणी ठरतो, मग त्याचं रूप, मग त्याची शक्ती, मग त्याच्याशी लढणारा कुणीतरी. तिसऱ्या भागापर्यंत गोष्ट संपते आणि नुसता पाठलाग उरतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्राणी जपानलाच राहू द्या. त्याच्या गोष्टीत जी अट घातलेली असते, ती घेऊन या. खुद्द जपानी लोकांनी तेराशे वर्षं आपल्या मिथकांचं हेच केलं आहे.

'कोजिकी' हा जपानचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ. हिएदा-नो-आरे यांच्या तोंडपाठ असलेल्या कथा ओ-नो-यासुमारो यांनी लिहून काढल्या आणि इ.स. 712 मध्ये सम्राज्ञी गेन्मेईला सादर केल्या. त्यात इझानागी आणि इझानामी या आद्य दांपत्याची गोष्ट आहे. बेटं जन्मतात, देव जन्मतात, आणि अग्निदेवाला जन्म देताना इझानामी भाजून मरते. नवरा तिला आणायला योमीत, म्हणजे मृतांच्या प्रदेशात जातो. ती दारापाशी येते आणि म्हणते, तू उशीर केलास रे, मी इथल्या चुलीवरचं अन्न खाल्लं. तरी इथल्या देवांशी बोलून पाहते. तोवर माझ्याकडे पाहू नकोस.

ती आत जाते. बराच वेळ जातो. त्याला राहवत नाही. डाव्या अंबाड्यात खोवलेल्या फणीचा कडेचा जाड दात तो मोडतो, पेटवतो आणि आत शिरतो. तिच्या अंगावर अळ्या वळवळताहेत आणि ठिकठिकाणी आठ गर्जनादेव बसले आहेत. तो पळत सुटतो.

इथे जरा थांबा. आपल्यातला कुणी हा प्रसंग लिहील तेव्हा सगळी शाई त्या अळ्यांवर खर्च करील. कोजिकीत ते वर्णन दोन-तीन ओळींत आटोपतं. त्यानंतर इझानामीच्या तोंडी जे वाक्य येतं, त्यावर माझ्या मते सगळी गोष्ट उभी आहे. ती किंचाळत नाही, शापही देत नाही. ती म्हणते, मला लाजवलंस. जिच्यावर प्रेम केलं तिची सर्वांत वाईट अवस्था तिने नको म्हटलेलं असताना पाहिली, हा गुन्हा आहे. पुढचा पाठलाग, वाटेत फेकलेल्या फणीचे झालेले कोंब, योमीच्या उतारावर लोटलेली शिळा, हे सगळं त्या एका वाक्यामागून येतं. शेवटी शिळेच्या दोन बाजूंना दोघं उभी राहून घटस्फोटाचं बोलणं करतात. ती म्हणते, मी तुझ्या देशातली हजार माणसं रोज मारीन. तो म्हणतो, मी रोज दीड हजार बाळंतघरं बांधीन. माणसं मरतात तरी लोकसंख्या का वाढते, याचं उत्तर एका मोडलेल्या संसाराच्या भांडणातून दिलं आहे.

आठ वर्षांनी, 720 मध्ये, 'निहोन शोकी' हा दुसरा ग्रंथ पूर्ण झाला. त्यात एकच प्रसंग "एका लेखात असं म्हटलं आहे" म्हणून अनेक पाठांनी दिलेला आहे. त्यातल्या एका पाठात, याच सीमेवर, कुकुरीहिमे नावाची एक देवी येते. ती इझानागीला काहीतरी सांगते. तो ऐकतो, तिची वाखाणणी करतो आणि निघून जातो. ती काय म्हणाली ते लिहिलेलंच नाही! मृत बायको आणि जिवंत नवरा यांच्यामध्ये उभी राहून कुणीतरी असं काही बोललं की भांडण थांबलं, आणि तेवढं वाक्यच नाही. प्रेरणा कुठून घेऊ असं मला कुणी विचारलं की मी त्याला ही रिकामी जागा दाखवते. या जागेत तुमचं वाक्य बसू शकतं.

न पाहण्याची ही अट मग जपानी गोष्टींत सगळीकडे दिसते. समुद्रकन्या तोयोतामाहिमे नवऱ्याला सांगते की बाळंतपणात माझ्याकडे पाहू नकोस. तो डोकावतो, तिला जलचराच्या रूपात पाहतो, ती लाजेने समुद्रात परत जाते. पण तिथून बाळाला सांभाळायला धाकट्या बहिणीला पाठवते आणि तिच्या हाती नवऱ्यासाठी एक गीतही देते. लोककथेतली क्रौंचबायको माग चालू असताना खोलीत येऊ नका म्हणते. दार उघडतं, आणि स्वतःची पिसं उपटून कापड विणणारा पक्षी दिसतो. लाफकादिओ हर्न यांनी 1904 मध्ये छापलेल्या हिमस्त्रीच्या कथेत अट पाहण्याऐवजी बोलण्याची आहे. अट मोडते तेव्हा हिमस्त्री नवऱ्याला मारत नाही, कारण पलीकडे मुलं झोपलेली आहेत. ती धुकं होऊन धुराड्यातून निघून जाते.

हायाओ कावाई या मानसशास्त्रज्ञांनी 1982 च्या आपल्या पुस्तकात यावर फार नेमकं बोट ठेवलं आहे. युरोपी कथांत बंद खोली उघडणाऱ्याला बहुधा शिक्षा होते, मग सुटका होते आणि शेवट लग्नात होतो. जपानी कथांत पाहणारा मागे उरतो आणि जिला पाहिलं ती निघून जाते. जिंकलं कुणीच नाही, उरते ती हुरहूर. तुमच्या मालिकेच्या आठव्या भागात जी लढाई आहे ती मला उपरी का वाटली, ते यावरून लक्षात येईल.

आणि आता तुमच्या "आपल्या मातीत कसं बसवू" या प्रश्नाचं अर्धं उत्तर. ही अट आपल्याला परकी आहेच कुठे? उर्वशीने पुरूरव्याला घातलेली अट पाहण्याचीच होती. मला विवस्त्र दिसू नकोस. वीज चमकली, तो दिसला, ती गेली. गंगेने शंतनूला विचारू नकोस म्हणून सांगितलं, त्याने आठव्या वेळी विचारलं. कोकणातल्या श्रोत्याच्या कानात हा सूर आधीपासून आहे. त्यासाठी तुम्हाला किमोनो आणावा लागत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर माझ्या दृष्टीने जास्त मोलाचं आहे. त्यासाठी तोहोकूला, जपानच्या ईशान्य भागात जावं लागेल.

1910 मध्ये लोककथांचे अभ्यासक कुनिओ यानागिता यांनी 'तोनो मोनोगातारी' हा 119 छोट्या नोंदींचा संग्रह काढला. पहिली आवृत्ती 350 प्रतींची होती. इवाते प्रांतातल्या तोनो या डोंगराळ भागातल्या या हकिकती त्यांना तिथल्याच किझेन सासाकी यांनी सांगितल्या. 99 वी नोंद अशी आहे. 15 जून 1896 रोजी सानरिकू किनाऱ्यावर त्सुनामी आली, सुमारे 22,000 माणसं गेली. किनाऱ्यावर घरजावई म्हणून गेलेल्या फुकुजी नावाच्या माणसाची बायको आणि एक मूल त्यात वाहून गेलं. उरलेल्या दोन मुलांना घेऊन तो घराच्या जुन्या जागेवर खोपटं बांधून वर्षभर राहिला. उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या एका चांदण्या रात्री तो लघवीला उठला. संडास लांब होता, वाट लाटा फुटतात त्या किनाऱ्यावरून जाणारी. धुकं पसरलेलं. धुक्यातून एक बाई आणि एक पुरुष येताना दिसले. बाई म्हणजे त्याची मेलेली बायको.

तो त्यांच्या मागे बराच दूर गेला आणि त्याने तिला नावाने हाक मारली. तिने वळून पाहिलं आणि ती हसली. सोबतचा पुरुष त्याच गावचा, तोही त्सुनामीत गेलेला. फुकुजी जावई होऊन येण्याआधी तिचं या माणसावर मन होतं, असं त्याच्या कानावर आलं होतं. ती म्हणाली, आता मी यांच्याबरोबर संसार करते. फुकुजीने विचारलं, पोरांची माया नाही का तुला? तिच्या चेहऱ्याचा रंग जरासा बदलला आणि ती रडली. त्याला इतकं वाईट वाटलं की तो आपल्या पायांकडे पाहत उभा राहिला. तेवढ्यात ती दोघं झपाझप पावलं टाकत डोंगराच्या वळणाआड गेली. तो थोडा मागे धावला, मग ही तर मेलेली माणसं हे त्याच्या ध्यानात आलं. पहाटेपर्यंत तो रस्त्यात विचार करत उभा होता. सकाळी घरी आला. पुढे बराच काळ आजारी होता.

संपलं. ही नोंद मी कितीतरी वेळा भाषांतरित केली असेल, अजून समाधान झालेलं नाही. "रंग जरासा बदलला" यातला "जरासा" मराठीत हलका करायला गेलं की सगळं बिघडतं. आणि हे इझानागी-इझानामीचंच आहे, नाही का? नवरा मेलेल्या बायकोमागे जातो, सीमेवर बोलणं होतं, ती परत येत नाही. फक्त योमीच्या जागी लाटांचा किनारा आहे, शिळेच्या जागी डोंगराचं वळण. अळ्या नाहीत, भय नाही, त्याहून जास्त दुखणारं काहीतरी आहे: ती तिकडे सुखात आहे. कोजिकीत नवऱ्याने पाहिल्यामुळे बायको लाजते. इथे बायकोला पाहून नवऱ्याची मान खाली जाते. फुकुजीने कोजिकी वाचलं होतं की नाही, याला महत्त्व नाही. एका जुन्या प्रश्नावर नवं संकट येऊन आदळलं आणि गोष्ट नव्याने जन्मली.

11 मार्च 2011 ला त्याच किनाऱ्यावर पुन्हा त्सुनामी आली. त्यानंतर इशिनोमाकी शहरातल्या टॅक्सीचालकांनी सांगितलेले अनुभव तोहोकू गाकुइन विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीने आपल्या अभ्यासासाठी गोळा केले. उन्हाळ्यात जाड कोट घालून बसलेला प्रवासी, उद्ध्वस्त भागाचा पत्ता, आणि मागे वळून पाहिलं तर आसन रिकामं. मीटर पडलेलं असे, भाडं चालकाने स्वतःच्या खिशातून भरलेलं. ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहिली ती गोष्ट अशी की पुन्हा असा प्रवासी आला तर आम्ही बसवू, असं काही चालक म्हणाले. ओत्सुची गावात एका माणसाच्या बागेत तार नसलेला फोन आहे. 2010 मध्ये त्याने तो आपल्या गेलेल्या चुलतभावाशी बोलायला उभा केला होता. त्सुनामीनंतर हजारो लोक तिथे जाऊन बोलले. 712, 1896, 2011. आजच्या कथाकाराला जपानी मिथकांकडून शिकायचं असेल तर ते या रेषेवर शिकावं. कोकणाला चक्रीवादळं माहीत आहेत, दरडी माहीत आहेत, मुंबईला गेलेली आणि परत न आलेली माणसं माहीत आहेत. तुमच्या गोष्टीतली शिळा कुठे आहे, ते तुम्ही शोधायचं.

हे प्रत्यक्ष कागदावर कसं उतरतं, त्याचा माझ्यासमोरचा एक दाखला देते. काही वर्षांपूर्वी एका लेखिकेने पुण्यातल्या पेठेतल्या वाड्याची कथा आणली होती. वाडा पाडून इमारत व्हायची आहे. वाड्यात झाशिकी-वाराशी राहतो, असं तिने लिहिलं होतं. झाशिकी-वाराशी म्हणजे तोनोकडच्या मोठ्या घरांत राहणारं मूलरूपी भूत. ते असेतो घराची भरभराट, गेलं की उतरती कळा. तिच्या पहिल्या खर्ड्यात लाल किमोनो होता, कपाळावर कापलेले केस होते, आणि एक विद्वान काका येऊन "हा जपानी योकाई आहे" असं समजावून सांगत होते.

आम्ही मूळ नोंद एकत्र वाचली. तोनोच्या 18 व्या नोंदीत गावचा एक माणूस पुलापाशी दोन अनोळखी मुलींना भेटतो. कुठून आलात? मागोझाएमोनच्या घरून. निघालात कुठे? अमक्या गावच्या अमक्याकडे. एवढंच बोलणं. माणूस मनात म्हणतो, मागोझाएमोनचे दिवस भरले. पुढे त्या घरातली वीसेक माणसं विषारी अळंबी खाऊन एका दिवसात मेली. सात वर्षांची एक मुलगी तेवढी उरली. इथे भय रस्त्यावरच्या साध्या विचारपुशीत आहे. याच भागातल्या केन्जी मियाझावा यांनी 1926 मध्ये याच भुताबद्दल लिहिताना आणखी एक सुंदर गोष्ट टिपली आहे. दहा मुलं खेळत असतात, मोजली तर अकरा भरतात. एकही चेहरा अनोळखी नाही, एकही चेहरा दोनदा नाही, तरी अकरा.

लेखिकेने किमोनो काढला, काका काढले, तो शब्दही काढला. आता वाड्यात श्राद्धाच्या पंगतीला पानं मांडताना दर वेळी एक पान जास्त लागतं, आणि आजी ते न बोलता वाढते. करारावर सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दुधवाल्याला बोळाच्या तोंडाशी दोन परकऱ्या मुली भेटतात. "कुणाच्या गं तुम्ही?" "वाड्यातल्या." "आणि इतक्या सकाळी कुठं?" "आता तिकडं, कोथरूडला." दुधवाला वाड्यापाशी येतो, आजी पातेलं पुढे करते, तो दूध ओततो आणि त्या दिवशी पैसे घेत नाही. जपान त्या कथेत कुठेही दिसत नाही, पण जपानी वाचकाने ती वाचली तर तो लगेच ओळखील.

वेळेचंही असंच आहे. यानागिता यांनी योकाई आणि युरेई यांत फरक केला होता. युरेई, म्हणजे मेलेल्या माणसाचं भूत, विशिष्ट माणसाच्या मागे लागतं आणि मध्यरात्र उलटल्यावर येतं. योकाई विशिष्ट जागेला बांधलेला असतो आणि तिन्हीसांजेला भेटतो. पुढच्या अभ्यासकांनी अपवाद दाखवून दिले, तरी लिहिणाऱ्याला हा फरक फार उपयोगी पडतो. जपानीत संधिप्रकाशाला 'तासोगारे' म्हणतात. त्याची फोड "तो कोण?" अशी होते, कारण त्या वेळी समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. मराठीत कातरवेळ आहे. तुमच्या पहिल्या भागातला प्रसंग मध्यरात्री बारा वाजता घडतो, तो सात वाजता घडवून पाहा. दिवे लागायची वेळ, बाजारातून परतणारी माणसं, आणि त्यातला एकजण ओळखू न येणारा. ऑडिओसाठी तर हे सोन्यासारखं आहे, कारण श्रोत्याला कुणाचाच चेहरा दिसत नाही.

'कामी' या शब्दाचं भाषांतर 'देव' असं करताना मात्र हात जरा आखडता ठेवा. नोरिनागा मोतोओरी यांनी कोजिकीवरच्या भाष्यात 30 हून अधिक वर्षं घालवली, ते 1798 मध्ये पूर्ण झालं. त्यांनी कामीची व्याख्या अशी केली की जे जे असामान्य आणि मनात धाक निर्माण करणारं, ते ते कामी. मग तो समुद्र असो, झाड असो, माणूस असो, भला असो वा वाईट. हे आपल्या राखणदाराच्या किंवा देवचाराच्या जवळ जातं. देवळातल्या मूर्तीपेक्षा वेशीवरचा दगड आठवला तर सूर लवकर सापडेल.

आमातेरासूच्या गुहेची गोष्ट तुम्ही यादीत घेतली नाहीत, याचं मला आश्चर्य वाटलं. सूर्यदेवी रुसून गुहेत बसते आणि जग अंधारतं, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. मूळ मजकुरातली आधीची पानं वाचा. धाकटा भाऊ सुसानोओ भाताच्या खाचरांचे बांध फोडतो, सणाच्या दालनात विष्ठा टाकतो. आणि मोठी बहीण त्याची बाजू सावरत राहते. प्यायला असेल, ओकला असेल. बांध फोडले ते जमीन वाया जाते असं वाटून असेल. मग तो विणकामाच्या दालनाचं छप्पर फोडून सोललेला घोडा आत टाकतो आणि एक विणकरीण धोटा लागून मरते. तेव्हा ती बोलायची थांबते आणि दार लावून घेते. भावाला पदराखाली घालणारी अशी बहीण मी आपल्या घराघरांतून पाहिली आहे. तिने दार लावून घेणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

तिला बाहेर काढतात तेही बळजबरीने नाही. आमे-नो-उझुमे ही देवी पालथ्या घातलेल्या पिंपावर पाय आपटत, वस्त्रं सुटेपर्यंत नाचते. असंख्य देव एकदम हसतात. मी अंधारात बसले असताना बाहेर हसताहेत कशाला, म्हणून ती दार किलकिलं करते. तुझ्याहून थोर देवी आली आहे, असं सांगून तिच्यासमोर आरसा धरतात. आणखी नीट पाहायला ती पुढे होते, तेव्हा कुठे बलदंड देव ताजिकाराओ हात धरून तिला बाहेर ओढतो.

मियाझाकी प्रांतातल्या ताकाचिहोला नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत वस्त्यावस्त्यांतून रात्रभर कागुरा, म्हणजे देवांपुढचे मुखवट्यांचे नाच, नाचतात. एकूण 33 नाच, संध्याकाळी सुरू, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर संपणारे. मी एकदाच पूर्ण रात्र बसले आहे. थंडीने पाय बधिर झालेले, बांबूच्या नळीत गरम केलेली साके हातोहात फिरत होती, मागे कुणाची तरी मुलं गोधडीत झोपलेली. गुहेचे नाच येतात ते पहाटेला. ताजिकाराओच्या मुखवट्यातल्या माणसाने शिळेचं दार उचललं आणि जागी असलेली म्हातारी माणसं हळूच सरसावून बसली. बाहेर खरोखरच तांबडं फुटत होतं. मला त्या क्षणी सिंधुदुर्गातल्या देवळापुढचा दशावतार आठवला. तसंच रात्रभर जागरण, तसाच मुखवट्यामागचा ओळखीचा शेजारी. तुम्ही कोकणात राहता, म्हणजे ही शाळा तुमच्या दाराशीच आहे.

भारताशी असलेला खरा धागाही सांगते, कारण तो अनेकदा भलत्याच गर्वाने सांगितला जातो. सरस्वती तिथे बेन्झाइतेन आहे, यम एन्मा आहे, गणपती कांगितेन आहे. कांगितेनची आलिंगन देणारी जोडमूर्ती बहुधा झाकून ठेवतात. तोक्योतल्या आसाकुसाजवळ मात्सुचियामाला त्याला मुळा वाहतात. त्याच्या नैवेद्याची 'कान्किदान' ही गाठोड्याच्या आकाराची तळलेली मिठाई आपल्या मोदकाची नातलग आहे. बाराव्या शतकातल्या 'कोन्जाकू' या 31 खंडांच्या कथासंग्रहाचे पहिले पाच खंड तेन्जिकूचे, म्हणजे भारताचे. त्यात चंद्रावरच्या सशाची जातककथा आहे. ऋष्यशृंगही आहे, एक शिंग असलेला तपस्वी म्हणून. तो शेवटी ज्या बाईला भुलतो तिला पाठुंगळी घेऊन नगरात जातो. मूळ आमचं होतं, असं म्हणून थांबलात तर हाती काही लागत नाही. प्रवासात काय बदललं आणि का, हे पाहिलंत तर पाठीवर बाई घेऊन चाललेला तो ओशाळा तपस्वी सापडतो.

एक सावधगिरी मात्र हवी. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर बांधलेलं पु. ल. देशपांडे उद्यान आहे. त्या ओकायामाचा लाडका नायक म्हणजे पीचमधून जन्मलेला मोमोतारो, जो कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी घेऊन बेटावरच्या राक्षसांना लुटून येतो. 1871 मध्ये युकिची फुकुझावा यांनी आपल्या मुलांसाठी लिहिलेल्या धड्यांत म्हटलं, की खजिना आणायला गेलेला मोमोतारो चोर ठरतो. 1924 मध्ये र्युनोसुके आकुतागावा यांनी हीच गोष्ट अशी लिहिली की राक्षस शांतताप्रिय आहेत आणि मोमोतारो आक्रमक. आणि 1945 मध्ये नौदलासाठी बनलेल्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटात तोच मोमोतारो सेनापती झाला आणि शिंगं असलेले राक्षस इंग्रज झाले. एकच गोष्ट तिघांनी तीन दिशांना नेली. ओकायामाच्या किबित्सु देवळात तर पराभूत राक्षसाची बाजू अजून ऐकू येते. दंतकथा सांगते की उरा नावाच्या या राक्षसाचं मुंडकं कापून पुरलं तरी ते 13 वर्षं गुरगुरत होतं. शेवटी त्याने स्वप्नात येऊन सांगितलं, माझ्या बायकोला इथे चुलीवर रांधू दे. आजही तिथल्या देगेच्या आवाजावरून शुभाशुभ पाहतात. तेंगूला खलनायक करण्याआधी त्याला पुरलं कुणी, हे विचारून घ्या.

शिवाय ही देवळं चालती-बोलती आहेत, तिथे लोक रोज हात जोडतात. भाताची देवता इनारी हिचे कोल्हे असोत वा बेन्झाइतेन, तुमची नऊ शेपट्यांची कोल्हीण कापून टाकण्याचा प्रसंग लिहिताना तेवढं भान ठेवा. मुंबईतल्या एखाद्या देवीबद्दल तुम्ही जितक्या जबाबदारीने लिहाल, तितक्याच.

आता तुमचा काप्पा. तो कासवासारखा, हिरवा आहे, मुलांना पाण्यात ओढतो, त्याला काकडी आवडते, हे सगळं तुमच्या पाच पानांत आलं आहे. आपल्या खाडीतल्या गिऱ्ह्याशी तुम्ही त्याची सांगडही घातली आहे आणि ती पटते. पण त्याच्याबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही एका ओळीत उडवून लावली आहे. काप्पाच्या डोक्यावर खोलगट बशी असते, त्यात पाणी असतं आणि त्या पाण्यात त्याची ताकद. तो अतिशय विनयशील असतो. तुम्ही वाकून नमस्कार केलात की त्याला वाकून परत नमस्कार केल्यावाचून राहवत नाही. पाणी सांडतं आणि तो जागीच लुळा पडतो. मग त्याला जीवदान द्यायचं ते शब्द घेऊन, आणि दिलेला शब्द तो मोडत नाही. अनेक गावांच्या दंतकथांत हाड बसवण्याची विद्या किंवा मलम काप्पाने असं वचनात बांधल्यावर शिकवलेलं आहे.

तेव्हा हिरवा रंग, कासवाची पाठ, काकडी हे सगळं काढा. फक्त एवढं ठेवा, की समोरच्याने नमस्कार केला तर आपल्याला वाकावंच लागतं आणि वाकलं की आपण संपतो, हे ठाऊक असूनही तो वाकतो. तुमच्या दुसऱ्या पानावर वाळूउपशाच्या कागदावर सही करायला बोलावलेला म्हातारा तांडेल आहे ना? पाहुणा दारात आला, पाया पडला, आणि म्हाताऱ्याच्या तोंडून नाही निघेना. तिथून पुढे लिहा. ती पानं झाली की पाठवा, मी वाचते.